एक्सल सीलची गळती: आधी कारण शोधा, मग सील बदला

इंजिनातल्या ऑइलचा दाब पडला की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. मॅन्युअल गिअरबॉक्समधलं ऑइल संपत आलं तर असा कुठलाच दिवा लागत नाही. गाडी रोजच्यासारखी चालते, गिअर पडत राहतात आणि आत बेअरिंग व दातेरी चक्रं कोरडी होत जातात. आवाज यायला लागतो तोवर काम सीलपुरतं उरलेलं नसतं, गिअरबॉक्स उघडावा लागतो. म्हणून पार्किंगमध्ये पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला पडणारा ऑइलचा लहानसा डागही मनावर घ्यावा.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढची चाकं फिरवणाऱ्या छोट्या गाड्या आपल्याकडे सर्रास दिसू लागल्या. या गाड्यांत इंजिन आडवं बसतं. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच खोक्यात असतात आणि तिथून दोन ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एक्सल, दोन्ही चाकांकडे जातात. एक्सल खोक्यात शिरतो तिथे एक गोल सील बसवलेलं असतं. पुढची कृती या सीलची आहे. मागची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांत एक्सल सील मागच्या चाकापाशी असतं आणि ते गळलं तर ऑइल ब्रेक लायनरवर जातं. ते काम वेगळं.

नवं सील हातात घेऊन नीट बघा. बाहेर पत्र्याचं कडं, त्यावर बहुधा रबराचा थर. आत रबराची एक पातळ, धारदार ओठासारखी कड. या ओठाच्या मागच्या खाचेत बारीक तारेची गोल स्प्रिंग असते, ती ओठाला शाफ्टवर सतत दाबून धरते. ऑइल अडतं ते या केसाएवढ्या रुंद रेषेवर. तिथे एक ओरखडा पडला, वाळूचा एक कण अडकला किंवा स्प्रिंग निसटली, की कोरं सीलही पहिल्या दिवसापासून गळतं.

गळती नक्की कुठली?

डाग दिसला की सगळ्यात आधी डागातलं ऑइल बोटावर घेऊन पाहा.

- गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. हा वास एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही.
- इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं असतं, त्याला हा वास नसतो.
- ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल पातळ आणि बहुधा लालसर असतं.
- कूलंट पाण्यासारखं, हिरवं किंवा गुलाबी असतं.
- चाकाच्या रिमवर आतून काळं, चिकट ग्रीस उडालेलं असेल तर एक्सलचा रबरी बूट फाटलेला आहे. सील ठीक असू शकतं.

मग गिअरबॉक्सची ती बाजू डीग्रीझरने धुऊन कोरडी करा. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा आणि खाली कोरा पुठ्ठा पसरून रात्रभर उभी ठेवा. सकाळी टॉर्च मारून वरून खाली बघत या. ऑइल नेहमी वरून खाली ओघळतं आणि हवेने मागे जातं, त्यामुळे ओलं दिसणारं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ठिकाण हे गळतीचं मूळ. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून ऑइल येत असेल तर तो प्रश्न क्रँकच्या मागच्या किंवा क्लचकडच्या सीलचा आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

सील का गेलं?

घाईत हाच प्रश्न राहून जातो आणि सहा महिन्यांत नवं सील पुन्हा गळू लागतं. कारणं ठरलेली आहेत:

1. वय आणि उष्णता. रबर कडक होतं, ओठ शाफ्टला धरून राहत नाही.
2. ब्रीदर बुजणं. गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा जाण्यायेण्यासाठी छोटी टोपी किंवा नळी असते. ती चिखलाने बुजली की गरम हवेचा दाब आत कोंडतो आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो.
3. शाफ्टवर चर पडणं. ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथे खाच पडते.
4. डिफरेन्शियलच्या बेअरिंगमध्ये ढिलेपणा. शाफ्ट वरखाली हलतो, ओठ त्याच्यामागे पुरा पडत नाही.
5. आधीच्या कामात शाफ्ट घालताना दात्यांनी ओठ कापला जाणं.
6. ऑइल पातळीच्या वर भरलेलं असणं.

पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या तुंबलेल्या रस्त्यांतून गाडी गेली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काढलेलं ऑइल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय असं समजा.

काय काय लागेल?

नेमक्या मॉडेलचं आणि नेमक्या बाजूचं सील. डावं आणि उजवं सील बऱ्याच गाड्यांत वेगळं असतं. काही सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. एक्सलच्या टोकाची नवी सर्क्लिप, नवा एक्सल नट, ड्रेन बोल्टचं नवं वॉशर. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल. छोट्या गाड्यांना साधारण दोन-अडीच लिटर लागतं. हायड्रॉलिक जॅक, दोन मजबूत जॅक स्टँड, लाकडी ठोकळे, बॉक्स पाने, लांब टॉमी, टॉर्क पाना, प्लास्टिकची हातोडी, सील ओढायचा हूक, ऑइल धरायला पसरट भांडं, भरपूर स्वच्छ फडकी. अंगात जुने कपडे, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा.

ग्रेडच्या बाबतीत तडजोड नको. डब्यावर जीएल-4 आणि जीएल-5 असे वर्ग लिहिलेले असतात. जीएल-5 मध्ये जास्त दाब सोसणारी रसायनं अधिक असतात आणि ती सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना मानवतीलच असं नाही. पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर तेच घाला. एएमटी गाड्यांत मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, तिथे हीच कृती चालते. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचं ऑइल आणि ते भरायची रीत वेगळी असते. ते काम जाणकाराकडे द्या.

कृती

1. नट जमिनीवरच सैल करा. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. हब कॅप काढा. एक्सल नटची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छन्नीने सरळ करा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि लांब टॉमीने नट सैल करा. चाकाचे नटही थोडे ढिले करा.

2. गाडी उचला. जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवा, हाताने हलवून खात्री करा, मगच चाक काढा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. जॅकचं सील कधीही दगा देऊ शकतं.

3. भरायचा बोल्ट आधी उघडा. ऑइल काढण्यापूर्वी ते भरायचा बोल्ट सुटतो ना ते बघा. तो जाम असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलं, तर गाडी जागेवर अडकते. तो सुटल्यावर खालचा ड्रेन बोल्ट काढा. ऑइल कोमट असावं, गरम नको. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर साठलेला राखाडी, मऊ लगदा ही नेहमीची झीज आहे. नखात धरता येतील असे धातूचे तुकडे दिसले तर आत काहीतरी तुटलं आहे. सील बदलून ते भागणार नाही.

4. नकल मोकळं करा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलपासून, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या भागापासून, सोडवा. काही गाड्यांत आडवा बोल्ट काढून लोअर आर्म टॉमीने खाली दाबावा लागतो, काहींत खालचा नट काढून पुलर लावावा लागतो. अँटी-रोल बारची लिंक आड येत असेल तर तीही सोडवा. ब्रेकच्या होझला आणि एबीएसच्या वायरीला ताण बसू देऊ नका.

5. एक्सल हबमधून काढा. नट टोकावर दोन आटे ठेवून बसवा, म्हणजे हातोडीने आटे बिघडणार नाहीत. प्लास्टिकच्या हातोडीने आत ठोका. सुटला की नट काढून नकल बाहेर वळवा आणि एक्सल हबमधून काढून घ्या.

6. आतला जॉइंट गिअरबॉक्समधून काढा. टॉमी जॉइंट आणि खोक्याच्या मध्ये घालून छोटा झटका द्या, सर्क्लिप सुटेल. शाफ्ट हाताने बाहेर ओढू नका. आतला जॉइंट निसटतो आणि बूट फाटतो. जॉइंटला खालून आधार देत सरळ रेषेत बाहेर घ्या. एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्ही एक्सल एकदम काढले तर काही गिअरबॉक्समध्ये डिफरेन्शियलची आतली चक्रं जागेवरून सरकतात. एक्सल काढलेला असताना गाडी चाकांवर ढकलू नका, व्हील बेअरिंग खराब होतं.

7. शाफ्टची जागा तपासा. सील जिथे टेकतं तिथे नख आडवं फिरवा. पृष्ठभाग गुळगुळीत लागला तर ठीक. नख अडकलं तर चर पडली आहे आणि नवं सीलही तिथे गळेल. अशा वेळी जॉइंट बदलावा, किंवा मिळत असेल तर त्या जागेवर बसणारी पातळ स्लीव्ह चढवावी. सर्क्लिप नवी घाला.

8. जुनं सील काढा. आधी ते किती खोल बसलंय ते मोजून लिहून ठेवा. हूक ओठात अडकवून जुनं सील उपटा. हूकची टोकं ॲल्युमिनियमच्या भोकाला लागू देऊ नका. तिथला ओरखडाही गळतीची वाट बनतो. जागा फडक्याने पुसून कोरडी करा.

9. नवं सील बसवा. जुनं-नवं शेजारी ठेवून आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ताडून बघा. स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. ओठाला थोडं ग्रीस लावा, बाहेरच्या कडेला गिअर ऑइलचा हात फिरवा. रबराच्या कडेवर सीलंट लावायचं नाही. सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल एवढ्या मापाचा पाइपचा तुकडा किंवा सॉकेट घ्या आणि चारी बाजूंनी सावकाश ठोका. तिरकं जातंय असं वाटलं तर तिथेच थांबा, उलट बाजूने हलकं ठोकून सरळ करा. लिहून ठेवलेली खोली आली की थांबा.

10. एक्सल परत घाला. हे सगळ्यात नाजूक काम. दाते पुसून स्वच्छ करा, सर्क्लिपला ग्रीस लावून मध्यावर ठेवा. एक्सलचा भार ओठावर टेकू न देता दोन्ही हातांनी तोलून आत न्या. दाते जुळले की एका झटक्यात दाबा. सर्क्लिप बसल्याचा आवाज येतो. खात्री करायला जॉइंटचं कडं धरून हलकेच ओढा, बाहेर यायला नको.

11. ब्रीदर साफ करा. टोपी फिरते का, नळी मोकळी आहे का ते बघा. नळी काढून हवा मारा. दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर नव्या सीलवर पुन्हा तोच दाब येईल.

12. जोडणी करा. एक्सलचं बाहेरचं टोक हबमध्ये घाला, मग बॉल जॉइंट, लिंक आणि चाक जागेवर लावा. ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसकट घट्ट करा. एक्सल नट शेवटी, गाडी जमिनीवर आल्यावर, मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क पान्याने घट्ट करा आणि त्याची कड खाचेत ठोका. अंदाजाने घट्ट केलेला नट व्हील बेअरिंगचं आयुष्य कमी करतो.

13. ऑइल भरा. गाडी सपाट असायला हवी. ज्या गाड्यांत बाजूच्या बोल्टवरून पातळी ठरते, तिथे त्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल भरा. बारीक धार बाहेर यायला लागली की थांबा, धार बंद झाली की बोल्ट लावा.

यानंतर

गिअरबॉक्सचा बाहेरचा भाग पुन्हा पुसा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून सीलची जागा बघा, खाली पुठ्ठा ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, आणि महिन्याभराने आणखी एकदा. पहिल्याच दिवशी किंचित ओलसरपणा दिसला तर तो लावलेल्या ग्रीसचा असू शकतो. पुसून पुन्हा तपासा. थेंब तयार होत असेल तर सील तिरकं बसलंय किंवा ओठ कापला गेलाय. नवीन सील घालून काम पुन्हा करावं लागेल, कारण फाटलेला ओठ आपोआप बरा होत नाही. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं रबर फुगवतात. चर पडलेल्या शाफ्टवर किंवा कापलेल्या ओठावर त्यांचा उपयोग होत नाही.

एक्सल पकडून वरखाली हलवल्यावर डिफरेन्शियलपाशी ढिलेपणा जाणवला, किंवा ड्रेन बोल्टवर धातूचे तुकडे निघाले, तर हे काम गिअरबॉक्स उघडणाऱ्या चांगल्या मेकॅनिककडे द्या. काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. बंद डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या.

गाडीच्या सर्व्हिस बुकात तारीख, किलोमीटर, कुठल्या बाजूचं सील आणि ऑइलची ग्रेड लिहा. गिअरबॉक्सला स्वतःचा दिवा नाही. पुढे दुसऱ्या बाजूला डाग दिसला, तर वय कुणाचं झालंय आणि ब्रीदर कधी साफ केला होता हे त्या नोंदीवरूनच कळेल.