अमावास्येचं इंजिन

2022 च्या मे महिन्यात आमचं इंजिन भंगाराच्या टेम्पोत चढलं. काट्यावर 520 किलो भरलं. सत्तावीस रुपयांनी चौदा हजार चाळीस हातात आले. भावकीतला एक पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "काका, एवढं मोठं धूड आन् पैसं एवढंच?" त्याला काय सांगणार? हेच इंजिन 2009 साली एका गृहस्थांनी चाळीस हजारांना मागितलं होतं, नोटा बाजेवर मोजून ठेवल्या होत्या. चाळीसाचे चौदा कसे झाले ते लिहून ठेवतो. मिल्ट्रीच्या लिलावातलं असं जोडइंजिन, म्हणजे गाडीच्या जोडीला ठेवलेलं दुसरं इंजिन, अजून बऱ्याच जणांच्या शेडमध्ये पडून आहे, हे मला ठाऊक आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आर्मी सर्व्हिस कोरमध्ये ड्रायव्हर होते. त्यांची सगळी नोकरी शक्तिमानवर गेली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक जबलपूरला तयार व्हायचा. पहिल्या गाड्या 1959 साली तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीतून निघाल्या, पुढे त्यासाठी जबलपूरलाच वेगळी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. नव्वदच्या दशकात लष्करानं स्टॅलियन आणि टाटाच्या नव्या गाड्या घेतल्या, तसे शक्तिमान लिलावात येऊ लागले. अण्णांनी 1998 साली एक उचलला आणि त्याच लॉटमधलं एक सुटं इंजिनही घेतलं. गावात लोक हसले. एका ट्रकला दोन इंजिनं कशाला?

अण्णांचं गणित मात्र पक्कं होतं. टेल्कोनं 1954 साली जर्मनीच्याच डाइम्लर-बेंझशी हात मिळवला, त्यामुळे टाटाची गाडी मर्सिडीजच्या घराण्यातली. तिचे पार्ट अंबाजोगाईत, परळीत, कुठल्याही गॅरेजच्या शेजारी मिळतात. शक्तिमानचं घराणं वेगळं. त्याच्या पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी असते आणि नोजल डिझेल त्या वाटीच्या भिंतीवर मारतो, त्यामुळे इंजिनाची खडखड कमी. पण हा पिस्टन टाटाला चालत नाही आणि टाटाचा याला. पार्ट हवा तर दिल्लीच्या मायापुरीला माणूस धाडायचा. तेव्हा जोडइंजिन म्हणजे घरातच उघडलेलं पार्टांचं दुकान, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. पुढे मी चुकलो.

त्यांनी इंजिन चिंचेखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेल्वेच्या दोन लाकडी स्लीपरवर बसवलं. दर अमावास्येला ट्रकला नारळ फोडून झालं की लिंबू-मिरची बांधायच्या आधी ते शेडमध्ये जायचे. नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पळीभर तेल घालायचे आणि पुढच्या क्रँकनटला पाना लावून, त्यात टॉमीची लांब दांडी अडकवून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवायचे. फ्युएल पंपात कायम डिझेल भरलेलं. ब्लॉकमधलं पाणी पहिल्याच दिवशी काढून टाकलेलं. सायलेन्सरच्या तोंडाला लाकडी गुटका, त्यावर ग्रीस लावलेलं फडकं. मी बाजूला कंदील धरून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, म्हाताऱ्याला देवपूजेपेक्षा याचंच वेड जास्त.

2009 मध्ये आलेले गृहस्थ पुण्याकडचे होते, जुन्या फौजी गाड्या जपण्याचा छंद असलेले. त्यांनी टॉमी हातात घेऊन इंजिन स्वतः फिरवून पाहिलं, पाटीवरचा नंबर लिहून घेतला आणि चाळीस हजार सांगितले. अण्णा नाही म्हणाले. ट्रक चालू होता, त्यावर पाण्याची टाकी बसवून आम्ही टँकर चालवत होतो, मग जोड का विकायचं? त्या दिवशी नाही म्हणणं बरोबरच होतं, हे मी आजही म्हणतो. गाडी जिवंत, जोड फिरतंय, फिरवणारा माणूस घरात आहे. या तिन्ही गोष्टी असताना विकायचं कारण नसतं.

2014 साली अण्णा गेले. पहिली अमावास्या सुतकात गेली. दुसऱ्या अमावास्येला मी विसरलो. तिसऱ्या वेळी आठवलं, पण फडकं कुठंय, पळी कुठंय, पुढच्या महिन्यात बघू. त्यानंतर सायलेन्सरवरचं फडकं उंदरांनी कधी ओढलं, गुटका कधी पडला, पत्र्याला भोक कधी पडलं, काहीच कळलं नाही.

मग 2016 चा एप्रिल आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो एप्रिल. आमच्याकडेही टँकरशिवाय गाव हालत नव्हतं. दिवसाला पाच खेपा. एका दुपारी रेडिएटरचा पाइप फुटला. काटा लालमध्ये गेलेला मला दिसत होता, तरी वस्तीवरच्या घागरी डोळ्यापुढे होत्या म्हणून दोन किलोमीटर तसाच रेटला. गाडी मीच चालवत होतो. ब्लॉकला तडा गेला.

म्हटलं, काळजी कशाची? जोड आहे. मिस्त्रीला बोलावलं, चेनपुली बांधली. मिस्त्रीनं टॉमी लावली आणि जोर दिला. मग आम्ही दोघांनी मिळून दिला. इंजिन केसभर हललं नाही. डिझेल-तेल ओतून तीन दिवस ठेवलं, तरी तेच. शेवटी हेड खोललं. चौथ्या आणि पाचव्या सिलिंडरमध्ये तांबडा गाळ, रिंगा लायनरला चिकटून एकजीव झालेल्या. मिस्त्री म्हणाला, इंजिन कुठंही थांबू द्या, एखाद्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व उघडाच राहतो; तुमच्या उघड्या व्हॉल्वातून दोन पावसाळे आत गेले. पंपाचे एलिमेंटही अडकलेले. खर्चाचा अंदाज साठ हजारांच्या पुढे आणि लायनर यायला पंधरा दिवस. टँकरचा ठेका पंधरा दिवस कोणाची वाट बघत नाही. आमचा बंद पडला तो बंदच.

लोकांना वाटतं माझी चूक इथं झाली. खरी चूक पुढची. 2017 मध्ये तडकलेल्या इंजिनासकट ट्रक विकला आणि जोड मात्र ठेवलं. का? अण्णांचं होतं म्हणून. हे कारण मनाला पटतं, पण कशाचं जोड? ज्याला ते जोडायचं ती गाडीच गेली होती. त्या दिवशी ते इंजिन जोड राहिलं नाही, नुसतं लोखंड झालं, आणि ही एवढी गोष्ट मला कळायला पाच वर्षं लागली. आमच्या गावात केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे. शेकडो वर्षांच्या उन्हापावसात त्याचा दगड उभा आहे, कुणी तेलपाणी न करता. लोखंडाची जात ती नाही.

मधेच मामांनी सुचवलं, विहिरीवर बसव, गिरणीला लाव. शंभरेक हॉर्सपॉवरचं इंजिन विहिरीवर? आपल्या विहिरीचं काम पाच हॉर्सपॉवरच्या मंद गतीच्या इंजिनावर होतं. शक्तिमान तिथं लावलं तर पाण्यापेक्षा डिझेलच जास्त लागेल. असले सल्ले ऐकून दोन वर्षं इंजिन तसंच ठेवलेले लोक मी पाहिलेत.

2019 मध्ये खरं गिऱ्हाईक आलं होतं. स्वतःचा शक्तिमान असलेले, क्रँक आणि हेडसाठी अख्खं जाम इंजिन पंचवीस हजारांना घ्यायला तयार. त्यांनी एकच गोष्ट विचारली: लिलावाचं पत्र आहे का? त्यात इंजिन नंबर असतो, आणि फौजी माल कागदाशिवाय घ्यायला शहाणा माणूस घाबरतो. पुढेमागे ते इंजिन गाडीवर चढलं तर आरसीवरचा नंबर बदलावा लागतो, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते, आणि तिथंही हाच प्रश्न. मला पत्र सापडलं नाही. ते निघून गेले. चार महिन्यांनी ते कागद अण्णांच्या डिस्चार्ज बुकाच्या पाकिटात मिळाले, घडी केलेले, नंबर ठळक.

त्यामुळे मला कोणी विचारलं की जोड ठेवू का विकू, तर मी आधी कागद बघायला सांगतो. पाटीवरचा नंबर आणि पत्रातला नंबर जुळतो का? मग टॉमी. एक पूर्ण फेरा हातानं फिरला पाहिजे. फिरलं तर इंजिनाचा भाव इंजिनाचा. अडलं तर तो पार्टांचा. आणि काट्यावर चढलं की लोखंडाचा. या तीन पायऱ्यांवर माल नेहमी खालीच उतरतो, वर चढताना मी कधी पाहिला नाही, आणि उतरायला एक-दोन पावसाळे पुरतात.

ठेवायचं असेल तर फिरवणारा कोण हे नावानिशी ठरवा. "घरातलं कुणीतरी" हे नाव नव्हे. आणि गाडीचा हिशेब करा. तिचं फिटनेस किती वर्षं होणार आहे? पंधरा वर्षांपुढच्या जड मालट्रकच्या फिटनेसची फी केंद्राच्या नियमानं एप्रिल 2022 मध्ये साडेबारा हजार झाली होती. गाडी दोन वर्षांत जाणार असेल तर जोड गाडीबरोबरच द्या. ज्याला गाडी पाहिजे त्यालाच जोडाची किंमत कळते. एकदा दोघांची ताटातूट झाली की दोन्ही स्वस्त होतात. माझा ट्रक जोडासकट गेला असता तर अडलेल्या इंजिनाचेही पंधरावीस हजार जास्त आले असते.

विकताना सुटं करू नका. पंप, सेल्फ, डायनामो आधी काढून विकले तर राहिलेलं धूड कोणी हात लावून बघत नाही. मी पंप काढून विकला होता, तीन हजारांना. इंजिन चालू होत असेल तर स्टँडवर बांधून गार इंजिनाला सेल्फ मारलेला व्हिडिओ दाखवा, आधी गरम करून ठेवलेलं इंजिन जाणकार हात लावून ओळखतो. पावतीवर नंबर लिहा आणि "गाडी नाही, फक्त इंजिन" असंही लिहा. गिऱ्हाईक तालुक्यात शोधू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर टाकली, तर फौजी गाड्यांवाल्यांचा फोन नंबर कुणाकडून तरी मिळतो.

गेल्या पावसाळ्याआधी घाटनांदूरकडचे एक पाहुणे आले. त्यांच्याकडे फौजी जोंगा जीपचं सुटं पेट्रोल इंजिन, जीप मात्र कधीच विकलेली. "ठेवावं म्हणतो दाजी, पुढं भाव येईल." मी काही बोललो नाही. कोनाड्यातली अण्णांची टॉमी काढली आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. इंजिन अर्धा फेरा फिरलं, मग कुरकुरत अडलं, तेल घालून थोडं मागे-पुढे केल्यावर सुटलं. पाहुणे घामाघूम. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते विकलं, कितीला ते सांगितलं नाही, पण पेढे आणले. टॉमी त्यांच्याकडेच राहिली होती. ती मात्र मी परत मागून घेतली.