मोटारसायकलचे इंजिन ऑइल : निवड आणि मिसळ

आमच्या वसतिगृहाची जुनी मोटारसायकल माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेलच. बाजारहाट, टपाल आणि रात्री-अपरात्री एखादा मुलगा आजारी पडला तर त्यास तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणे, ही सारी कामे ती मुकाट्याने करीत असे. एका पावसाळ्यात मात्र घाटाच्या ऐन चढावर तिने दगा दिला. मागे तापाने फणफणलेला सातवीचा विद्यार्थी बसलेला, इंजिन गर्जत होते, पण चाकास ओढ नव्हती. अखेर एका टेम्पोवाल्याने मुलास दवाखान्यात नेले आणि तो बरा झाला. दोष गाडीचा नव्हता, आमचाच होता. चार दिवसांपूर्वी मोटारगाडीसाठी आणलेले शिल्लक ऑइल आम्ही तिच्यात ओतले होते. महाग ते चांगले, एवढाच आमचा विचार! आज आपल्यापैकी अनेकांचा रोजगार दुचाकीवर चालतो, म्हणून हा विषय येथे थोडा तपशिलाने मांडीत आहोत.

मोटारगाडीत इंजिनाचे ऑइल केवळ इंजिनापुरते असते. गिअरपेटीचे ऑइल निराळे आणि क्लच बहुधा कोरडा. चार-स्ट्रोक मोटारसायकलीत मात्र एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांस पुरते. बहुतेक गाड्यांत क्लचच्या प्लेटा त्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. पिस्टनला घर्षण नको असते, तर क्लचचे काम घर्षणावरच चालते. पेट्रोल वाचावे म्हणून मोटारगाडीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये घालतात. तीच प्लेटांची पकड सोडवितात. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. आमच्या गाडीचे ऑइल बदलूनही भागले नाही. घसरून जळालेल्या प्लेटा नव्या घालाव्या लागल्या.

म्हणून डब्यावर प्रथम ‘जासो’ हे जपानी मानक शोधावे. ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले ऑइल ओल्या क्लचसाठी असते. ‘एमए२’ची पकड अधिक. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे, ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरांसाठी. ‘एपीआय’ची एसजे, एसएल, एसएम, एसएन ही अक्षरे जसजशी पुढे जातात तसतसे मानक नवे, परंतु क्लचविषयी ती काही सांगत नाहीत. नव्या अक्षराचे ऑइलही मोटारसायकलीस अयोग्य ठरू शकते.

आता अंकांचा अर्थ पाहू. १०डब्ल्यू-३० यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याआधीचा अंक थंडीतील वाहतेपणा दर्शवितो. शेवटचा अंक १०० अंश सेल्सिअसवरील दाटपणा दाखवितो. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, उन्हाळा आला की दाट ऑइल घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इंजिनातील ऑइल बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि कारखान्याने हा हिशेब आधीच केलेला असतो. हिरो स्प्लेंडरसारख्या छोट्या इंजिनास १०डब्ल्यू-३० सांगितले आहे. त्यात २०डब्ल्यू-५० ओतल्यास सकाळी गाडी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि इंजिनाची काही शक्ती ते ढवळण्यातच जाते. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका याबाबत कोणत्याही ऐकीव सल्ल्यापेक्षा विश्वसनीय.

दोन ऑइले मिसळावीत काय, हा प्रश्न आम्हांस सर्वाधिक विचारला जातो. एपीआय मानकाची ऑइले परस्परांत मिसळणारी असावीत असा नियमच आहे. खनिज आणि सिंथेटिक एकत्र आले तर दही फुटल्यासारखे होते, ही समजूत खरी नव्हे. वाटेत ऑइल खालच्या खुणेखाली गेले आणि दुसऱ्या कंपनीचे त्याच ग्रेडचे, ‘एमए’ खुणेचे ऑइल मिळाले, तर निःशंक घालावे. कमी ऑइलवर गाडी दामटणे त्याहून कितीतरी वाईट. मात्र यास नित्याची सवय करू नये. १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५० निम्मे-निम्मे मिसळून १५डब्ल्यू-४० तयार होत नाही. दाटपणाची सरासरी अंकांसारखी निघत नाही. शिवाय सिंथेटिकसाठी मोजलेले जादा पैसेही त्या मिसळीत बुडतात.

जुन्या स्कूटरच्या टाकीत लिटरमागे २० मिली ऑइल घालीत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ते दोन-स्ट्रोकचे, पेट्रोलबरोबर जळण्यासाठीच केलेले ऑइल. चार-स्ट्रोक इंजिनात ते भरू नये. सुटे, बिनाशिक्क्याचे ऑइल तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे व तितकाच वेळ थांबावे. स्प्लेंडरची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहतात. इतर गाड्यांची रीत निराळी असू शकते. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइल फेसाळते आणि सीलांवर दाब आणते.

बदललेले काळे ऑइल ओढ्यात वा विहिरीजवळ ओतण्याची चाल अजून गेलेली नाही. ते झाकणाच्या डब्यात साठवून, वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्यावे. आमचा डबा कार्यशाळेच्या खिडकीखाली ठेवलेला आहे. सुट्टीत गाडी घेऊन येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनीही तो वापरावा.