झिरो ट्रस्टचा खर्च छोट्या कारखान्याला परवडेल का?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचा वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. साठेक संगणक आणि काही जुनी सीएनसी मशिन आहेत. ‘झिरो ट्रस्ट’ घ्या, असा विक्रेत्यांचा आग्रह आहे. पैसे सार्थकी लागतील का? – एक उद्योजक, नाशिक

उत्तर : लागतील, पण सगळं एकदम घेऊ नका. आत आलेल्यालाही प्रत्येक दाराशी ओळख विचारायची, हे यातलं मूळ तत्त्व. ते का हवं? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट व्यवस्था उभी केली आणि सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. एकदा आत शिरलेल्याला मोकळं रान मिळालं की असं होतं.

सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा खर्च दिसतो. खरा खर्च वेळेचा. कामासाठी कोणाला कशाकशात प्रवेश लागतो याची यादी विक्रेता करून देत नाही, ती तुमच्याच माणसांना करावी लागते. शिवाय जुन्या सीएनसीच्या कंट्रोलरला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा मागणं, सहसा झेपत नाही. ती मशिन वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. मशिन दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दुरून जोडला जातो ना? ती जोडणी कामापुरती उघडा आणि काम झालं की लगेच बंद करा. अनेक ठिकाणी ती वर्षभर उघडीच असते!

ईमेल, टॅली आणि बँकेचे व्यवहार यांना दुहेरी पडताळणी याच महिन्यात लावा. मोठं पॅकेज पुढच्या वर्षी, यादी तयार झाल्यावरच घ्या.