डोळे पांढरे, तरी कावीळ?

मी कंधारचा. गेल्या वर्षी रक्तदान शिबिरात रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले. 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह!' गावी सांगितले तर आजी म्हणाली, "डोळे तर पांढरेच दिसायलेत, मंग कावीळ कशी रे लेकरा?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर शोधताना जे वाचले, ते इथे मांडतो.

यकृताच्या पेशीत ऊर्जा तयार होताना सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे घातक पदार्थही निघतात. ग्लुटाथिओन, कॅटालेज त्यांचा बंदोबस्त करतात. हा बंदोबस्त वाढवणारे प्रथिन म्हणजे एनआरएफ-२. एरवी कीप-१ हे प्रथिन त्याला दाबून ठेवते. घातक पदार्थ वाढले की पकड सुटते. एनआरएफ-२ केंद्रकात शिरते आणि 'माफ' या जोडीदार प्रथिनासोबत संरक्षक जनुके चालू करते. आपल्या भाषेत, फीडबॅक कंट्रोल!

विषाणू नेमका हाच कंट्रोल हातात घेतो. जर्मनीतील एबरहार्ड हिल्ट यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की बी विषाणू एनआरएफ-२ स्वतःच चालू करतो. घर शाबूत, तर भाडेकरूची सोय. सी विषाणूची चाल उलटी. तो माफ प्रथिनांना केंद्रकाबाहेर ओढतो, त्यांच्यापायी एनआरएफ-२ही बाहेरच अडकते आणि बंदोबस्त ढासळतो. हे २०११ मध्ये समोर आले.

बी विषाणू पेशीला सहसा थेट मारत नाही. नुकसान होते ते मुख्यतः आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने. हल्ला थंड असेल तोवर डोळे पांढरेच राहतात, विषाणू मात्र वर्षानुवर्षे मुक्काम करतो. काहींना पुढे सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग होतो. आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

म्हणून 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेल्या गोळ्यांवर किंवा काविळीच्या माळेवर विसंबू नका. बी विषाणूने तर तो बंदोबस्त आधीच आपल्या सोयीने वाढवलेला असतो! २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी व औषधे मोफत मिळतात. माझी तपासणी नियमित चालू आहे.

सुरुवातीला माझा रूम पार्टनर मेसमध्ये माझ्या शेजारी बसायला बिचकायचा. बी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रक्तातून, असुरक्षित संबंधांतून आणि जन्मावेळी आईकडून बाळाला होतो. तेव्हा दुसऱ्याचे रेझर वापरू नका, तपासणी करा, लस राहिली असेल तर घ्या. पार्टनरने घेतली. आता ताट एकच, रेझर मात्र दोन!