खोटा सामना आणि खरी बेरीज

आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या फुटबॉलची माहिती सांगणार आहे. तिथे संघांची मोठी स्पर्धा असते. तिला लीग म्हणतात. १९१४-१५ साली तिच्या पहिल्या गटात २० संघ होते. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचा. म्हणजे १९ × २ = ३८ सामने. तेव्हा जिंकले की २ गुण, बरोबरी झाली की १ गुण आणि हरले की भोपळा! शेवटचे दोन संघ खालच्या गटात जायचे.

त्या वर्षी पहिले महायुद्ध चालू होते. लढाईमुळे खेळ बंद पडणार आणि पगारही बंद होणार, अशी खेळाडूंना भीती होती.

२ एप्रिल १९१५ रोजी मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. मँचेस्टरने २-० असा जिंकला. पण तो सामना खोटा होता! काही खेळाडूंनी निकाल आधीच ठरवला होता आणि त्यावर पैजा लावल्या होत्या. पैज जिंकली की सातपट पैसे मिळणार होते. पुढे चौकशी झाली. लिव्हरपूलचे ४ आणि मँचेस्टरचे ३ खेळाडू दोषी ठरले. त्यांना जन्मभर खेळायची बंदी झाली. लढाईनंतर बऱ्याच जणांची बंदी उठवली. पण एनॉक वेस्ट याची बंदी १९४५ सालापर्यंत राहिली.

आता गणित करून पाहा.

मँचेस्टर : ९ विजय, १२ बरोबरी. ९ × २ + १२ = ३० गुण.
चेल्सी : ८ विजय, १३ बरोबरी. ८ × २ + १३ = २९ गुण.

मँचेस्टर १८ वे आले आणि वाचले. चेल्सी १९ वे आले. खोट्या सामन्याचे २ गुण वजा केले तर मँचेस्टरचे २८ च राहतात. म्हणजे चेल्सी वर गेले असते. चेल्सीचा तर त्या सामन्याशी काहीच संबंध नव्हता. तरी फटका त्यांनाच बसला!

लढाई संपल्यावर १९१९ साली पहिल्या गटात २२ संघ केले. तेव्हा चेल्सीला वरच ठेवले.

त्या वर्षी एव्हर्टन संघ ४६ गुण मिळवून पहिला आला. ओल्डहॅमला ४५ गुण मिळाले. बघा, एकेका गुणाला किती किंमत असते! म्हणून खेळात हरलो तरी चालेल, पण खोटे खेळू नये. दोघे खोटे खेळले तर तिसऱ्याचे नुकसान होते.