शिकवलेला पोरगा सोडून जातो, मग शिकवायचं कशाला? फुटबॉल कोच बिबियानो फर्नांडिस यांच्याकडून चार धडे



मागच्या वर्कशॉपमध्ये धरणगावच्या एका भावाने उभं राहून विचारलं, "दादा, पोरगं शिकवलं, तयार केलं आणि ते सोडून गेलं. मग शिकवायचंच कशाला?" सगळा हॉल हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण माझ्यासोबत हेच झालंय.

2019 ची दिवाळी. माझ्या कपड्याच्या दुकानात एक पोरगा दोन वर्षं होता. त्याला मी गाडीने सुरतला सोबत नेलं, कोणता व्यापारी उधार देतो, भाव कसा तोडायचा, सगळं दाखवलं. धनत्रयोदशीला तीन आठवडे बाकी असताना तो म्हणाला, "दादा, मी स्वतःचं टाकतोय." मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही.

आता विचार करा, ज्याच्या धंद्यात सगळ्यात तयार पोरं दर दोन वर्षांनी नियमानेच सोडून जातात, त्याने काय करावं? असा एक माणूस आहे. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. आधी स्वतः फुटबॉल खेळले, मग कोच झाले आणि भारताच्या 16-17 वर्षांखालच्या मुलांच्या टीमचे कोच म्हणून नावाला आले. आपल्या अमळनेरात फुटबॉल कमीच बघतात, क्रिकेटपुढे कुणाला वेळ आहे? पण ही गोष्ट दुकानदाराने ऐकावी अशी आहे.

धडा 1: आधी गळती बंद करा

2017 मध्ये त्यांच्या हातात पंधरा वर्षांखालची मुलं आली. त्याच वर्षी काठमांडूत नेपाळला 2-1 ने हरवून त्यांनी सॅफ स्पर्धा जिंकली. 2018 मध्ये हीच बॅच मलेशियाला आशियाई स्पर्धेत गेली. गटातले निकाल बघा: व्हिएतनामविरुद्ध 1-0, इराणविरुद्ध 0-0, इंडोनेशियाविरुद्ध 0-0. तीन मॅचमध्ये फक्त एक गोल केला. पण एकही खाल्ला नाही! तेवढ्यावर टीम क्वार्टर फायनलला पोचली. भारत तिथे 16 वर्षांनी पोचला होता.

नवा दुकानदार काय करतो? पहिल्याच वर्षी विक्री दुप्पट करायच्या मागे लागतो. आणि इकडे उधारी वसूल होत नाही, न खपणारा माल रॅकवर पडून असतो, गल्ल्याचा हिशोब जुळत नाही. भाऊ, ताकद कमी असते तेव्हा आधी गोल खायचं थांबवा. पहिल्या वर्षी विक्री थोडी कमी झाली तरी चालेल.

धडा 2: थोडक्यात हुकलं तरी पुढची बॅच उभी करा

क्वार्टर फायनल जिंकली असती तर थेट 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप. समोर दक्षिण कोरिया. भारत 0-1 ने हरला. एका गोलाने वर्ल्ड कप गेला आणि त्या पोरांना या वयोगटात परत संधी नव्हती. त्यातला विक्रम प्रताप सिंग पुढे मुंबई सिटीकडून आयएसएल खेळला. म्हणजे पोरं पुढे गेली आणि कोच परत शून्यावर, नवी पोरं घेऊन.

2019 मध्ये नव्या बॅचने कल्याणीला सॅफच्या फायनलमध्ये नेपाळला 7-0 ने हरवलं. मग ताश्कंदला पात्रता फेरीत तुर्कमेनिस्तान आणि बहरीनवर 5-0, 5-0 आणि यजमान उझबेकिस्तानशी 1-1. परत आशियाई स्पर्धेचं तिकीट.

धडा 3: तयारी पूर्ण असते, तरी बाजार बंद होऊ शकतो

ती स्पर्धा बहरीनला होणार होती, 2020 मध्ये. कोरोना आला. आधी पुढे ढकलली, मग रद्दच झाली. तयार बसलेल्या पोरांचं वय निघून गेलं.

हे वाचताना मला माझे युनिफॉर्म आठवतात. मार्च 2020 मध्ये मी जूनच्या सीझनसाठी 1 लाख 40 हजारांचे शाळेचे युनिफॉर्म भरून ठेवले होते. शाळा उघडल्या तोवर 24 साइजचं पोरगं 28 ला गेलं होतं आणि एका शाळेने तर रंगच बदलला. निम्मा माल मी खरेदीपेक्षा कमी भावात काढला. तेव्हापासून एका सीझनच्या मालात मी सगळं भांडवल घालत नाही. निम्मा माल आधी, निम्मा मागणी बघून. भाव दोन रुपये जास्त पडतो, पडू द्या.

धडा 4: माणूस गेला तरी पद्धत दुकानात राहिली पाहिजे

2022 मध्ये तिसरी बॅच. कोलंबोत गटात नेपाळकडून 1-3 ने हरले आणि फायनलमध्ये त्याच नेपाळला 4-0 ने हरवलं. परत आशियाई स्पर्धेला पात्र. 2023 मध्ये थायलंडला मात्र जमलं नाही. व्हिएतनामशी 1-1, उझबेकिस्तानकडून 0-1, जपानकडून 4-8. गटातच बाहेर.

मी तुम्हाला गोड गोष्ट सांगत नाहीये. या तीन बॅचपैकी एकही वर्ल्ड कपला पोचली नाही. पण तीन वेगवेगळ्या बॅच आणि तिन्ही वेळा आशियाच्या मुख्य स्पर्धेला पात्र, हा नशिबाचा खेळ नाही. पोरं बदलली, शिकवायची पद्धत टिकली.

माझं नेमकं इथेच चुकलं होतं. पोरगा गेला तेव्हा कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता माल लागतो, कुणाचा काय साइज, हे सगळं त्याच्या डोक्यासोबत गेलं. दुकानात काहीच लिहिलेलं नव्हतं. राग त्याच्यावर काढला, चूक माझी होती.

आता मी काय करतो ते सांगतो:

- गिऱ्हाईक, साइज, व्यापारी, सगळं एका वहीत. ती वही दुकानाची, पोराची नाही.
- एक पोरगा तयार असला की दुसरा शिकायला ठेवतोच. पगार थोडा जास्त जातो.
- पहिल्याच दिवशी सांगतो, "तुला पुढे स्वतःचं टाकायचं असेल तर टाक, फक्त दोन महिने आधी सांग आणि सीझनमध्ये जाऊ नको."
- माल आणि गिऱ्हाईक आधी शिकवतो. खरेदीचे भाव आणि उधारीचं गणित वर्षभरानंतर.

शेवटच्या मुद्द्यावर लक्ष द्या. फुटबॉलच्या कोचला पोरं घडवायचेच पैसे मिळतात. आपल्याला गल्ल्यातून मिळतात. म्हणून शिकवा, पण टप्प्याटप्प्याने.

पुढचा पोरगा तीन वर्षं थांबला आणि तोही गेला. पण यावेळी दोन महिने आधी सांगून. मला पंधरा दिवस त्रास झाला, बस. आणि पहिला? त्याचं दुकान आता स्टँडकडे आहे. माझी काही गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली, ते अजून टोचतं, खोटं कशाला बोलू. पण मागच्या सीझनला आम्ही दोघांनी सुरतहून एकत्र माल मागवला आणि ट्रान्सपोर्टचं भाडं निम्मं निम्मं केलं.

आजचा होमवर्क

रात्री शटर पाडल्यावर दहा मिनिटं बसा आणि तीन उत्तरं लिहा.

1. तुमचा सगळ्यात हुशार माणूस उद्या आला नाही, तर कोणतं काम अडेल?
2. ते काम कुठे लिहून ठेवलंय का?
3. ते शिकू शकेल असा दुसरा कोण आहे?

दुकानात तुम्ही एकटेच असाल, तर पहिल्या प्रश्नातला माणूस तुम्हीच आहात. मग वही आजच सुरू करा.

धरणगावच्या भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. शिकवलेला जाईलच. तो गेल्यावर तुमच्याकडे वही राहते की फक्त राग, एवढं तुमच्या हातात आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोब ठेवा!