पापापूर्वी सृष्टीत मरण होते काय?

मागील पावसाळ्यात आम्ही नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर येथे एका विश्वासी कुटुंबाच्या घरी प्रार्थनासभेस गेलो होतो. त्या बाजूच्या पुष्कळ शेतांत आता घरांचे प्लॉट पडले आहेत. तरी हे कुटुंब उरलेल्या तुकड्यात अजून बैलजोडीने शेती करते. त्याच आठवड्यात त्यांचा एक बैल सर्पदंशाने मेला होता. आमच्याबरोबरच्या कॅटेकिस्ट बंधूंनी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला आणि पापामुळे मरण जगात आले असा बोध केला. तेव्हा घरातील नववीत शिकणारा मुलगा उठून म्हणाला, "मास्तर, आमच्या बैलाने कोणते पाप केले होते? आणि आमच्या शाळेच्या पुस्तकात तर लिहिले आहे की, माणूस होण्याच्या कोट्यवधी वर्षे आधी प्राणी जन्मत होते आणि मरत होते. मग खरे कोणते?"

मास्तरांनी त्यास शास्त्राविषयी शंका काढू नये असे सांगून खाली बसविले. परंतु दाराशी बसलेली त्याची आई बोलली. तीन वर्षांपूर्वी तिची तान्ही मुलगी तापाने गेली होती आणि सांत्वनास आलेल्या कोणी एकाने, हे आईबापांच्या पापाचे फळ आहे, असे तिला ऐकविले होते. ती म्हणाली, "बैलाचे पाप नव्हते, तर माझ्या लेकीचे होते काय?" त्या दिवसांपासून ती प्रभुभोजनास बसत नाही, हे आम्हास मागाहून कळले. परत येताना मास्तरांनी विचारले, "पाळकसाहेब, मी काय सांगावयास पाहिजे होते?" हा पाठ त्यांच्यासाठी व त्यांच्यासारख्या सर्व सेवक बंधूंसाठी लिहिला आहे. वाचण्यापूर्वी उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय व रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकदा शांतपणे वाचून घ्यावा.

प्रथम त्या मुलाच्या पुस्तकाकडे वळू. कारण ते पुस्तक ज्या दगडांविषयी बोलते ते दगड आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि ते प्रथम गोळा करणाऱ्यांमध्ये सुवार्तेचे सेवक होते. स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपुरात सर्वांस ठाऊक आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. १८८३ साली स्थापन झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने चालते. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर हे होत. १८५१ साली ह्या दोघांना टाकळी येथे, जे तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते व आज शहरात गेले आहे, काळ्या दगडाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातील शिंपा, फळे व बिया, आणि भुंग्यांच्या पंखांची कवचे दगड झालेल्या स्थितीत सापडली. ह्या शोधांवरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापला गेला.

हे कसे घडले असावे, हे शेतकऱ्यास समजणे कठीण नाही. पृथ्वीच्या पोटातून वितळलेला खडक वर येऊन पसरला व थिजला. त्यावर पाऊस पडून तळी झाली. तळ्यांत जीव वाढले, मेले आणि चिखलात पुरले गेले. मग त्यावर खडकाचा दुसरा लोट आला. आपली कापसाची काळी जमीन त्याच खडकाच्या झिजेतून झाली आहे. आजचे शास्त्रज्ञ ह्या थरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे सांगतात. कामठीच्या वालुकाश्मातील ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे तर याहून फारच जुने आहेत. हिस्लॉपसाहेबांना आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथून एका जलस्थलचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. ज्या जातीचा तो प्राणी, तिचे दात दुसऱ्या जीवांना धरून खाण्याचे आहेत. आणि अलीकडची गोष्ट पाहावयाची तर भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना गुजरातेत डायनासोराच्या घरट्यातच, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साप दगड झालेला सापडला. शास्त्रज्ञांनी २०१० साली त्याचे पूर्ण वर्णन प्रसिद्ध केले. हुडकेश्वरच्या गोठ्यात जे घडले, तसेच काही मनुष्य पृथ्वीवर येण्याच्या फार पूर्वी घडत होते, याची ही साक्ष आहे.

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. दगड बोलला म्हणून शास्त्र वाकवावे, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे इतकेच की, शास्त्र जे सांगते तेच आपण सांगावे. जे सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

पौल प्रेषित रोम. ५:१२ मध्ये कोणाविषयी लिहितो? एका मनुष्याच्या द्वारे पाप व पापाच्या द्वारे मरण आले असे सांगून तो लगेच म्हणतो की, ते मरण सर्व मनुष्यांपर्यंत पोहोचले. तेथे बैल, वाघ किंवा शिंपा यांचा उल्लेख नाही. १ करिंथ. १५:२१-२२ मध्येही एका बाजूस आदाम व दुसऱ्या बाजूस ख्रिस्त उभा आहे, आणि मरणारे व जिवंत केले जाणारे ते मनुष्यच आहेत. एदेन बागेतील आज्ञा मनुष्यालाच दिली होती. ती मोडण्याची शिक्षाही त्यालाच सांगितली. पशूंनी आज्ञा ऐकली नाही, म्हणून मोडलीही नाही.

उलट ज्या ठिकाणी शास्त्र पशूंच्या आहाराविषयी व अंताविषयी बोलते, तेथे लज्जेचा सूर नाही. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावे शिकारीसाठी गर्जना करितात ते देवाजवळ आपले अन्न मागतात असे वर्णिले आहे, आणि देव श्वास काढून घेतो तेव्हा जीव मातीस मिळतात हेही तेथेच आहे. ईयोबाच्या ३८ व्या अध्यायात देव स्वतः विचारतो की, सिंहिणीसाठी शिकार कोण शोधतो व कावळ्याच्या पिलांस कोण खाऊ घालतो. हे सर्व त्याच्या ज्ञानाचे महिमान म्हणून सांगितले आहे.

मग आदामाच्या शिक्षेचा अर्थ काय? उत्पत्ती २:१७ मध्ये देवाने ज्या दिवशी खाशील त्याच दिवशी मरशील असे बजाविले होते. आणि उत्पत्ती ५:५ सांगते की आदाम ९३० वर्षे जगला. देव खोटे बोलत नाही. म्हणून त्याच दिवशी जे मरण आले ते शरीर थंड पडण्याच्या आधीचे होते. आदाम देवाच्या हाकेने झुडपांत लपला, बायकोवर दोष ढकलू लागला, बागेबाहेर गेला; हेच ते मरण होय. उधळ्या पुत्राचा बाप मुलगा जिवंत असता तो मेला होता असे म्हणतो, ते याच अर्थाने. शरीराच्या मरणाविषयी पाहिले, तर उत्पत्ती ३:२२ वरून दिसते की, मनुष्यास सदा जगावयाचे तर जीवनाच्या झाडाचे फळ खावे लागणार होते. अर्थात त्याचे अमरत्व त्याच्या मातीत नसून देवाच्या देणगीत होते. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचे अथनेशियस यांनी हेच शिकविले की, मनुष्य स्वभावाने नाशवंत, परंतु देवाच्या कृपेत राहता तर नाशापासून राखला जाता. पापाने त्याने ती कृपा टाकली, आणि जे मरण पशूंस दिवसाच्या शेवटी येणाऱ्या रात्रीसारखे आहे, ते त्याला दंड व भय होऊन बसले. पौल म्हणतो की मरणाची नांगी पाप आहे. विंचू नांगीमुळे घातक, तसे मनुष्याचे मरण पापामुळे घातक.

येथे कोणी म्हणेल की हा अर्थ दगडांच्या भीतीने काढलेला नवा अर्थ आहे. तसे नाही. तेराव्या शतकात, भूगर्भशास्त्राचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, थॉमस अक्वायनस यांनी लिहिले की, आज मांस खाणारे सिंह व ससाणे मनुष्याच्या पापापूर्वी गवत खात होते असे मानणे सयुक्तिक नाही. मनुष्याच्या पापाने पशूंचा स्वभाव बदलला नाही. पुढे १८३९ साली ऑक्सफर्ड येथे पाळक व भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांनी, पतनाच्या वेळी दिलेली मरणाची शिक्षा सर्व प्राण्यांस होती की केवळ मनुष्यजातीस, ह्याच प्रश्नावर उपदेश केला व ती मनुष्यापुरती होती असे मत मांडले.

तथापि दुसऱ्या पक्षाचे म्हणणे न ऐकता निकाल देणे बरे नव्हे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी पशूंचे दुःख व मरणही आदामाच्या पतनातूनच आले असे शिकविले, आणि आजही अनेक भक्तिमान बंधू तसे मानितात. ते उत्पत्ती १:३० दाखवितात, जेथे पशूंस हिरवी वनस्पती आहार म्हणून दिली आहे; यशया ११ दाखवितात, जेथे लांडगा कोकरासह राहतो; आणि रोम. ८ दाखवितात, जेथे सर्व सृष्टी कण्हत आहे. ही वचने हलकी नाहीत. पहिल्याविषयी आम्हास वाटते की, सर्व जीवांचे पोषण शेवटी हिरव्या पानावर चालते, हे देवाचे दान तेथे सांगितले आहे; दुसऱ्या कोणत्याही आहाराची मनाई तेथे पशूंस केलेली नाही. यशया जे पाहतो ते येणाऱ्या राज्याचे चित्र आहे. ते राज्य एदेनापेक्षा मोठे आहे. आणि रोम. ८ मध्ये सृष्टीचे कण्हणे प्रसूतिवेदनांसारखे सांगितले आहे. ती काही नव्यासाठी वाट पाहत आहे. देवाने एवढ्या जीवांस एवढा काळ का मरू दिले, ह्याचे पुरते उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ईयोबासही ते मिळाले नाही. त्याला उत्तराऐवजी देवाचे दर्शन मिळाले.

ह्या प्रश्नावर बंधूंमध्ये मतभेद असला तरी मंडळी फुटू नये. आदामाच्या ठायी आपण सर्व पडलो व ख्रिस्ताच्या ठायी उठविले जातो, ही सुवार्ता दोन्ही पक्षांस एकच आहे. परंतु एका गोष्टीत मतभेदास जागा नाही: कोणाच्या घरी मरण आले असता ते त्या घराच्या अमुक पापाचे फळ आहे, असे सांगण्याचा अधिकार आपणास कोणी दिलेला नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती असे प्रभूने स्पष्ट सांगितले. योहान ९ मध्ये जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच हिशेब विचारला, तेव्हा ह्याने किंवा ह्याच्या आईबापांनी पाप केल्यामुळे हे झाले असे नाही, असे उत्तर त्याने दिले. मागच्या जन्माच्या कर्माचा जो हिशेब आपल्या वाडवडिलांच्या मानेवर होता, तो ख्रिस्ताने उतरविला. आपण त्यास पापफळ असे नवे नाव देऊन दुःखी आईच्या मानेवर पुन्हा ठेवू नये.

स्वतः हिस्लॉपसाहेबांचा अंत पाहा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन लोकांची शिलावर्तुळे पाहून परत येत असता पुराच्या नाल्यात वाहून गेले. वयाची ४६ वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. ती वर्तुळे म्हणजे प्राचीन काळची थडगी. टाकळीच्या शिंपांनी आपल्या मेलेल्यांभोवती दगड रचले नाहीत. मनुष्याने ते रचले. मरण हा आपला केवळ शेवट नव्हे, तो आपला शत्रू आहे, हे मनुष्यालाच कळते. म्हणून प्रभू लाजराच्या कबरेपाशी दोष शोधीत बसला नाही. तो रडला, आणि मग त्याने त्याला बाहेर बोलाविले. १ करिंथ. १५:२६ प्रमाणे तो शत्रू शेवटी नाहीसा होणार आहे.

पुढील महिन्यात मास्तर पुन्हा हुडकेश्वरास गेले. त्यांनी प्रथम मुलास सांगितले की, त्याचा प्रश्न योग्य होता व त्याला गप्प करणे चूक होते. मग आईपुढे लुकाचा तेरावा अध्याय वाचला आणि त्यावर फारसे काही न बोलता प्रार्थना केली. ती अजून प्रभुभोजनास आलेली नाही. परंतु निघताना तिने मास्तरांस पुन्हा येण्यास सांगितले.

सेवक बंधूंनी हा पाठ शिकविताना मंडळीस पुढील प्रश्न विचारावे. रोम. ५:१२ मध्ये मरण कोणापर्यंत पोहोचले असे सांगितले आहे? आदाम खाल्ल्याच्या दिवशी कोणत्या अर्थाने मेला? स्तोत्र १०४ मध्ये सिंह आपले अन्न कोणाजवळ मागतो? दुःखी घरी गेल्यावर आपण काय बोलू नये, व प्रभूने लाजराच्या कबरेपाशी काय केले?